स्थायूंच्या तापीय विघटनाची गतिकी: बडोद्याच्या विद्यार्थ्यांकडून नेहमी येणारे प्रश्न

बडोद्यात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणारी, पीएचडीला नुकतीच लागलेली किंवा मकरपुरा-नंदेसरीच्या कारखान्यांत गुणवत्ता विभागात असलेली मराठी मुलेमुली हे प्रश्न वरचेवर विचारतात. बहुतेकांच्या हातात टीजीएचा, म्हणजे तापवताना वजन कसे घटते ते मोजणाऱ्या यंत्राचा, एक वक्र असतो, सॉफ्टवेअरने काढून दिलेला सक्रियण ऊर्जेचा (अभिक्रियेला ओलांडाव्या लागणाऱ्या ऊर्जेच्या उंबऱ्याचा) एक आकडा असतो, आणि आता हा आकडा प्रबंधात कसा मांडायचा एवढेच विचारायचे असते. माझे उत्तर थोडे मागून सुरू होते, कारण तो आकडा एकट्या पदार्थाचा नसतो. कणाचा आकार, भांडे, भोवतीचा वायू, सॅम्पलचे वजन आणि तापवण्याची रीत या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. खालची उत्तरे वाचताना एवढे ध्यानात ठेवा.

तापीय विघटनाची गतिकी म्हणजे नेमके काय शोधायचे?

स्थायू तापवला की तो एका ठरावीक तापमानाला फुटतो असे आपण शाळेत शिकतो. चुनखडीपासून चुना आणि कार्बन डायऑक्साइड, मोरचुदापासून पांढरी पूड आणि पाण्याची वाफ. गतिकीचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. विघटन किती वेगाने होते, तो वेग तापमानाबरोबर कसा वाढतो, आणि कणाच्या आत ते कोणत्या वाटेने पुढे सरकते? पहिल्या दोन प्रश्नांतून सक्रियण ऊर्जा आणि आवृत्ती गुणक मिळतात, तिसऱ्यातून मॉडेल, म्हणजे त्या वाटेचे गणिती रूप. तिन्ही मिळून एक संच होतो. त्यातला एकच आकडा उचलून लिहिला तर त्यावरून कोणालाच काही करता येत नाही.

द्रावणातल्या अभिक्रियांची गतिकी आम्ही शिकलो आहोत. तीच इथे का लावायची नाही?

द्रावणात रेणू मोकळे फिरतात आणि संहती सगळीकडे सारखी असते. म्हणून संहतीच्या घातावरून अभिक्रियेची कोटी काढता येते. स्थायूच्या कणात तसे काही नसते. कणाच्या पोटातला आयन आपल्या जागी बसून असतो आणि त्याच्यापर्यंत अभिक्रिया पोहोचेपर्यंत त्याला काही होत नाही. सुरुवात होते ती पृष्ठभागावर, कडांवर, भेगांपाशी, जिथे स्फटिकाची रचना आधीच बिघडलेली असते. तिथे उत्पादिताचे छोटे केंद्रक तयार होते आणि ते वाढते. शेजारशेजारची केंद्रके एकमेकांना भिडतात आणि मग मूळ पदार्थ व उत्पादित यांच्यामधली सीमा आत आत सरकू लागते. वायूलाही बाहेर पडायचे असते. उत्पादिताचा थर सच्छिद्र असेल तर तो सहज निघतो, घट्ट असेल तर अडतो, आणि मग सगळ्या प्रक्रियेचा वेग त्या अडण्यावर ठरतो.

म्हणून इथे संहतीऐवजी रूपांतराचा अंश वापरतात. त्याला अल्फा म्हणतात. सुरुवातीला तो ० असतो, विघटन पूर्ण झाले की १. टीजीएमध्ये तो वजनावरून मिळतो: आतापर्यंत झालेली घट भागिले त्या टप्प्यातली एकूण घट. विघटनाचा वेग म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार, एक तापमानावर अवलंबून असलेला वेग स्थिरांक आणि दुसरे अल्फाचे फलन. पहिल्यासाठी आऱ्हेनियसचे समीकरण वापरतात; सक्रियण ऊर्जा आणि आवृत्ती गुणक हे त्यातलेच दोन स्थिरांक. दुसऱ्यात कणाची सगळी भूमिती दडलेली असते.

एका तापमानाला धरून ठेवलेल्या सॅम्पलचा अल्फा वेळेबरोबर कसा वाढतो ते काढले की आकार बहुधा ओळखीचा निघतो. काही पदार्थ विरजण लावलेल्या दुधासारखे वागतात. बराच वेळ काही घडत नाही, मग झपाट्याने सगळे होते आणि शेवटी वेग मंदावतो. हा एस-आकाराचा वक्र केंद्रके तयार होण्याची आणि वाढण्याची खूण आहे. आव्रामीने १९३९ ते १९४१ या काळात मांडलेली समीकरणे अशा वक्रांसाठी वापरतात. पोटॅशियम परमँगनेटच्या विघटनासाठी प्राउट आणि टॉम्पकिन्स यांनी १९४४ मध्ये वेगळे समीकरण दिले. तिथे स्फटिक तडकत जातात आणि प्रत्येक तड्याला नवी सुरुवात मिळते. काही पदार्थांचा वेग पहिल्या क्षणापासून उतरत जातो. ते आकुंचन पावणाऱ्या गोलाच्या किंवा यांडरच्या १९२७ च्या विसरण (थरातून झिरपत जाण्याच्या) मॉडेलच्या जवळचे.

पहिला प्रयोग कोणत्या संयुगावर करावा?

कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेटवर. जगभर टीजीए तपासायला हेच वापरतात आणि त्याला कारण आहे. त्याचे तीन टप्पे एकमेकांपासून स्पष्ट वेगळे असतात आणि प्रत्येकाची घट कागदावर आधीच काढता येते. रेणुभार १४६.११. पहिल्यांदा पाणी जाते, १२.३३ टक्के. मग ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान कार्बन मोनॉक्साइड, १९.१७ टक्के. शेवटी साधारण ६०० ते ८०० अंशांमध्ये कार्बन डायऑक्साइड, ३०.१२ टक्के. उरतो ३८.३८ टक्के कॅल्शियम ऑक्साइड. तुमची घट या आकड्यांपासून अर्ध्या टक्क्याहून जास्त दूर असेल तर गतिकीकडे वळू नका. आधी सॅम्पल, वजन आणि बेसलाइन तपासा.

हाच प्रयोग एकदा नायट्रोजनमध्ये आणि एकदा हवेत करून पाहा. दुसऱ्या टप्प्यातली घट दोन्हीकडे तेवढीच असेल, पण उष्णता शोषली जाते की सुटते ते दाखवणारा डीटीए किंवा डीएससीचा वक्र उलटा होईल. नायट्रोजनमध्ये उष्णता शोषली जाते. हवेत बाहेर पडलेला कार्बन मोनॉक्साइड तिथेच जळतो आणि उष्णता सोडतो. वजनाला हे कळत नाही. एकाच यंत्राच्या आकड्यावर का विसंबू नये ते इथे डोळ्यांनी दिसते.

दुसरे चांगले संयुग म्हणजे मोरचूद. पाच रेणू पाणी दोन, दोन आणि एक असे जाते. प्रत्येक जोडीची घट १४.४३ टक्के, शेवटच्या रेणूची ७.२१. शेवटचा रेणू सोडवायला तापमान २०० अंशांच्या पुढे न्यावे लागते. तापवण्याचा वेग जास्त ठेवलात तर पहिले दोन टप्पे एकमेकांत मिसळतात, आणि वेग कमी का ठेवायचा हे वेगळे शिकवावे लागत नाही.

तुरटी मात्र पहिल्या प्रयोगाला घेऊ नका. घरात तुरटीची लाही करताना पाहिले असेल तर कारण लगेच कळेल. पोटॅश तुरटीत १२ रेणू पाणी असते, वजनाच्या ४५.६ टक्के. ती साधारण ९२-९३ अंशांना आपल्याच पाण्यात वितळते, उकळते, फुगते आणि क्रूसिबलबाहेर, म्हणजे सॅम्पलच्या भांड्याबाहेर, येते. एकदा पदार्थ वितळला की स्थायूच्या गतिकीची सगळी गृहीतके सुटतात.

सॅम्पल किती मिलिग्रॅम घ्यायचे?

शक्य तितके कमी. तीन ते पाच मिलिग्रॅम पुष्कळ झाले. वजनाची घट छोटी असेल आणि तराजूला ती नीट दिसत नसेल तरच दहापर्यंत जा. या मुद्द्यावर मी हट्टी आहे आणि त्याचे कारण हिशेबात आहे.

दहा मिलिग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट घ्या. त्यातून ४.४ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. खोलीच्या तापमानाला त्याचे आकारमान साधारण २.४ मिलिलिटर, आणि ८०० अंशांना सुमारे ८.८ मिलिलिटर. हा सगळा वायू इवल्याशा क्रूसिबलमधून वर निघतो. बाहेर नायट्रोजन वाहत असला तरी कणांच्या गर्दीत कार्बन डायऑक्साइडच भरलेला असतो आणि तो उलट्या अभिक्रियेला मदत करतो. शिवाय या विघटनाला प्रति मोल सुमारे १७८ किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे आपल्या दहा मिलिग्रॅमना १७.८ ज्यूल. ती भट्टीकडून वेळेत पोहोचली नाही तर सॅम्पल थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) सांगतो त्यापेक्षा थंड राहते. तुम्ही एका तापमानाचा वेग दुसऱ्या तापमानाच्या नावावर लिहीत असता.

हे तपासायचा सोपा मार्ग आहे. सगळे तसेच ठेवून सॅम्पल निम्मे करा. वक्र सरकला तर अजून कमी करा. तो सरकायचा थांबेपर्यंत निघालेली सक्रियण ऊर्जा भट्टीची आणि क्रूसिबलचीही असते.

पूड पातळ पसरा, दाबू नका. कणांचा आकार चाळणीने ठरवा आणि लिहून ठेवा. सगळे प्रयोग त्याच चाळणीच्या पुडीवर करा.

हवा वापरावी, नायट्रोजन की आणखी काही?

पदार्थ कोणता आणि प्रश्न कोणता त्यावर ठरते. अभिक्रिया उलटी फिरू शकत असेल तर बाहेर पडणारा वायू भोवती किती आहे ही निर्णायक गोष्ट आहे. कॅल्शियम कार्बोनेटवर समतोलात असलेल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब साधारण ८९५ अंशांना एक वातावरण होतो. शुद्ध कार्बन डायऑक्साइडमध्ये त्याखाली विघटन होणारच नाही, आणि ते तापमान ओलांडले की वेग एकदम उसळतो. अशा वक्राला आऱ्हेनियसचे समीकरण लावले तर सक्रियण ऊर्जा अवाच्या सवा येते. नायट्रोजनमध्ये किंवा निर्वातात याच पदार्थासाठी शंभराच्या थोड्या वरपासून दोनशेच्या पलीकडे किलोज्यूल प्रति मोल इतके वेगवेगळे आकडे प्रसिद्ध झालेले आहेत. ते सगळे संशोधक चुकलेले नव्हते. त्यांची परिस्थिती वेगळी होती आणि समीकरणात समतोलापासूनचे अंतर धरलेले नव्हते.

पाण्याची वाफ तर आणखी अनपेक्षित वागते. काही हायड्रेटमध्ये भोवतीच्या वाफेचा दाब वाढवला की पाणी जाण्याचा वेग आधी कमी होतो, मग वाढतो आणि पुन्हा कमी होतो. याला स्मिथ-टॉप्ली परिणाम म्हणतात. मँगनीज ऑक्झलेट डायहायड्रेट हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. थोडी वाफ असली की उत्पादित नीट स्फटिक बनवते, वाटा मोकळ्या होतात आणि वेग वाढतो, असे त्याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण दिले जाते.

आषाढ-श्रावणात माझे वजन ५० अंशांपासूनच उतरू लागते. काय चुकते?

बडोद्याचा पावसाळा. दमट हवेत ठेवलेली पूड पृष्ठभागावर पाणी धरते, आणि चुना, सोडियम कार्बोनेट, निर्जल मोरचूद अशा पदार्थांना तर पाणी हवेच असते. सॅम्पल डेसिकेटरमध्ये ठेवा, त्यातले सिलिका जेल बदलत राहा, आणि तराजूच्या खोलीत वातानुकूलन चालू असू द्या. यंत्रात सॅम्पल ठेवल्यावर कोरड्या नायट्रोजनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत थांबा आणि मगच तापवायला सुरुवात करा. पण हायड्रेटच्या बाबतीत जपून. कोरड्या वायूत फार वेळ ठेवले तर तुमचे स्फटिकजलच खोलीच्या तापमानाला निघू लागेल. अशा वेळी थांबण्याचा वेळ सगळ्या प्रयोगांत सारखा ठेवा.

तापवण्याचा वेग किती असावा आणि किती वेळा प्रयोग करावा?

गतिकीसाठी एक वेग पुरत नाही. आंतरराष्ट्रीय उष्मा-विश्लेषण संघटना इक्टॅकच्या गतिकी समितीने २०११ मध्ये दिलेल्या शिफारशींचा गाभाच हा आहे की तीन ते पाच वेगवेगळ्या तापमान-कार्यक्रमांखाली मोजणी करावी. मिनिटाला २, ५, १० आणि २० अंश हा संच बहुतेकांना जमतो. मला स्वतःला १, २, ५ आणि १० अधिक विश्वासाचा वाटतो. २० च्या वेगाला सॅम्पलच्या आतले तापमान मागे राहू लागते. पण १ अंशाला दिवस जातो आणि यंत्राची पाळी मिळणे अवघड होते, हेही खरे. निदान सगळ्यात मोठा वेग सगळ्यात छोट्याच्या पाचपट तरी असू द्या आणि प्रत्येक वेगाला पुन्हा एकदा मोजा. दोन सारख्या प्रयोगांत किती फरक पडतो ते माहीत नसेल तर उत्तराची अनिश्चितता लिहिता येत नाही.

किसिंजरची पद्धत सोपी वाटते. तीच वापरली तर?

वापरा, पण तिच्या मर्यादा समजून. १९५७ मधली ही पद्धत प्रत्येक वेगाला विघटन कोणत्या तापमानाला कळसाला पोहोचते एवढेच घेते. तापवण्याच्या वेगाला कळसाच्या केल्विन तापमानाच्या वर्गाने भागायचे, त्याचा नैसर्गिक लॉगरिदम काढायचा आणि तो तापमानाच्या व्यस्ताविरुद्ध मांडायचा. रेषेच्या चढावरून सक्रियण ऊर्जा मिळते.

समजा ५ अंशांच्या वेगाला कळस ४३० केल्विनला आणि २० च्या वेगाला ४५२ ला आला. हिशेब केला की सक्रियण ऊर्जा साधारण ९४.५ किलोज्यूल प्रति मोल निघते. आता २० च्या वेगाला तापमान दोन अंशांनी चुकले आणि ४५४ वाचले गेले असे धरा. उत्तर ८६.४ वर येते. फक्त दोन अंशांच्या चुकीने आठ किलोज्यूल गेले, आणि मोठ्या वेगाला मोठे सॅम्पल तापवताना दोन अंशांची चूक सहज होते. म्हणून दोन बिंदूंवर रेषा ओढू नका. दशांशानंतर दोन आकडे तर मुळीच लिहू नका.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. किसिंजर संपूर्ण विघटनाला एकच आकडा देतो. विघटन एकाच पायरीचे असेल तर ते ठीक. दोन पायऱ्या एकमेकींत मिसळल्या असतील तर ही पद्धत ते सांगत नाही. रेषा तरीही सरळच येते.

मग कोणत्या पद्धतीने सुरुवात करू?

समरूपांतर पद्धतींनी. कल्पना साधी आहे. वेगवेगळ्या तापवण्याच्या वेगांना अल्फाचे तेच मूल्य, समजा ०.३, कोणत्या तापमानाला गाठले ते पाहायचे आणि त्यावरून त्या टप्प्याची सक्रियण ऊर्जा काढायची. मग ०.३५ साठी, ०.४ साठी, असे ०.०५ पासून ०.९५ पर्यंत. मॉडेल कोणते हे आधी ठरवावे लागत नाही, हा मोठा फायदा.

फ्रीडमनची १९६४ ची पद्धत थेट वेग वापरते. तिच्यात अंदाजे सूत्र नाही, पण टीजीएच्या वक्राचे अवकलन करावे लागते आणि गोंगाट वाढतो. ओझावाची १९६५ ची आणि फ्लिन-वॉल यांची १९६६ ची पद्धत वक्र जसाच्या तसा घेते, पण त्यातले तापमान-समाकलन ढोबळ असल्याने आकडा थोडा हलतो. किसिंजर-अकाहिरा-सुनोसे त्याहून अचूक आहे आणि एक्सेलमध्येही तासाभरात होते. मी विद्यार्थ्यांना ती आणि फ्रीडमन अशा दोन्ही करायला सांगते. दोन्हींची दिशा एक असेल तर पुढे जा.

आणि मग तो आलेख नीट पाहा, कारण खरा अभ्यास इथून सुरू होतो. सक्रियण ऊर्जा सगळ्या अल्फांना जवळपास सारखी राहिली तर एकच पायरी वेग ठरवते असे म्हणता येते. ती चढत गेली तर स्वतंत्र किंवा स्पर्धा करणाऱ्या अभिक्रिया असू शकतात. उलटी फिरणारी अभिक्रिया असेल तर ती बहुधा सुरुवातीला उंच आणि पुढे उतरत जाते. अशा वेळी सगळ्यांची सरासरी काढून एक आकडा लिहिण्याचा मोह होतो. तो आवरा. त्या उतारातच तुमच्या पदार्थाची हकीकत आहे.

एकाच वक्रावर कोट्स-रेडफर्नची, मॉडेल आधी धरून चालणारी, पद्धत लावून सक्रियण ऊर्जा काढली आणि सहसंबंध ०.९९९ आला. पुरे ना?

नाही. एका वक्रावर दहा वेगवेगळी मॉडेल लावून पाहा. त्यातली पाचसहा ०.९९ च्या वर सहसंबंध देतील, आणि प्रत्येकाची सक्रियण ऊर्जा वेगळी असेल, कधी दुप्पट-तिप्पट. कारण एका वेगाच्या प्रयोगात तापमान आणि अल्फा एकाच वेळी बदलतात. मॉडेल चुकीचे धरले तरी सक्रियण ऊर्जा आणि आवृत्ती गुणक आपसात जुळवून घेतात आणि रेषा सरळ ठेवतात. यालाच गतिकीय भरपाई परिणाम म्हणतात.

कोट्स आणि रेडफर्न यांचे १९६४ चे काम वाईट नव्हते. ते एकट्याने निर्णय द्यायला वापरणे वाईट. आपल्याकडच्या किती तरी प्रबंधांत धातूंच्या संकुलांसाठी (कॉम्प्लेक्ससाठी) असे एका वक्राचे कोष्टक छापलेले दिसते आणि ते पाहून वाईट वाटते. संयुग बनवायला वर्ष घालवलेले असते. त्याच संयुगावर आणखी तीन वेग चालवायला दोन दिवस पुरतात.

मॉडेल कसे ओळखायचे?

सक्रियण ऊर्जा समरूपांतर पद्धतीने पक्की झाल्यावर. ती सगळीकडे सारखी असेल तरच पुढे जा. मग सगळ्या वेगांचे वक्र तापमानाचा परिणाम वजा करून एकावर एक आणा. ते एका वक्रावर बसले की त्याची आव्रामी, आकुंचन, विसरण अशा मॉडेलांच्या वक्रांशी तुलना करा. पण गणिताने निवडलेले मॉडेल सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय मानू नका. आव्रामी निघाले तर अर्धवट तापवलेल्या स्फटिकावर केंद्रके दिसायला हवीत. आकुंचन पावणारा गोल निघाला तर कणाच्या काठाला उत्पादित आणि पोटात मूळ पदार्थ दिसायला हवा. अर्धवट विघटन झालेला नमुना ०.३ आणि ०.७ ला थंड करून बाहेर काढा आणि त्याचे क्ष-किरण विवर्तन करून घ्या. मधला एखादा टप्पा आहे की नाही ते तेव्हाच कळते.

तापमान स्थिर ठेवून मोजावे की वाढवत न्यावे?

दोन्ही. स्थिर तापमानाला एस-आकार आणि सुरुवातीची शांतता स्पष्ट दिसते. वाढत्या तापमानात त्या गोष्टी झाकल्या जातात. उलट स्थिर तापमान गाठायला लागलेल्या पाचसात मिनिटांत काही विघटन होऊन जाते आणि सुरुवातच हातची निसटते. वाढत्या तापमानाच्या आकड्यांवरून स्थिर तापमानाचा वक्र भाकीत करा आणि मग तो प्रयोग करून पाहा. जुळला तर यापेक्षा चांगला पुरावा नाही.

यंत्राचे कॅलिब्रेशन किती वेळा?

मोजणीची मालिका सुरू करण्याआधी, आणि वायू, क्रूसिबल किंवा वेग बदलला की पुन्हा. डीएससीसाठी इंडियम १५६.६ अंशांना आणि जस्त ४१९.५ अंशांना वितळते. टीजीएमध्ये चुंबक लावून निकेलचा क्यूरी बिंदू (तो चुंबकाकडे ओढला जाणे थांबते ते तापमान) पाहतात, साधारण ३५५ अंशांच्या आसपास. रिकाम्या क्रूसिबलचा प्रयोगही त्याच कार्यक्रमाने करा आणि वजा करा. तापलेला वायू हलका झाला की वजन वाढल्यासारखे दिसते आणि छोट्या सॅम्पलमध्ये ते नजरेआड करता येत नाही.

मीठ किंवा मोठे स्फटिक तडतडून कण उडतात. ती घट विघटनाची नव्हे. अचानक उभी पायरी दिसली की क्रूसिबलच्या कडा आणि भट्टीचा तळ पाहा.

आमच्या महाविद्यालयात टीजीए नाही. काही करता येईल का?

येईल, आणि हा प्रयोग मला फार आवडतो. खाण्याचा सोडा, एक ओव्हन आणि मिलिग्रॅम दाखवणारा तराजू घ्या. शुद्ध सोडियम बायकार्बोनेट पूर्ण विघटित झाले की ३६.९ टक्के वजन जाते आणि सोडियम कार्बोनेट उरते. एकेक ग्रॅमच्या पातळ थरांच्या सहासात बशा ओव्हनमध्ये १२० अंशांना ठेवा. ठरावीक वेळाने एकेक बाहेर काढा, डेसिकेटरमध्ये गार करा, तोला. हेच १३० आणि १४० ला करा. प्रत्येक तापमानाला अल्फा ०.५ व्हायला किती वेळ लागला तेवढ्यावरून आऱ्हेनियसचा आलेख निघतो. अचूकता टीजीएची नाही. पण थर जाड ठेवल्यावर वेग कसा मंदावतो हे हाताने करून पाहिलेला विद्यार्थी पुढे मोठ्या यंत्राचा आकडा आंधळेपणाने घेत नाही.

कारखान्यात या अभ्यासाचा उपयोग होतो का?

आपल्या शहरात तर नक्कीच. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले तेव्हापासून इथे रसायन आणि उद्योग शेजारीशेजारी वाढले. रसायनाचे प्राध्यापक गज्जर आणि कोटीभास्कर यांच्या पुढाकारातून १९०७ मध्ये अलेम्बिक ही रसायने-औषधांची कंपनी उभी राहिली, १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी आली. उत्प्रेरक बनवताना हायड्रॉक्साइड किंवा कार्बोनेट किती तापमानाला किती तास भाजायचे हा गतिकीचाच प्रश्न आहे. कमी भाजले तर पूर्ण ऑक्साइड होत नाही, जास्त भाजले तर कण एकमेकांना चिकटून पृष्ठभाग घटतो. सक्रियण ऊर्जा १०० किलोज्यूल असेल तर ४०० वरून ४१० केल्विनला जाताना वेग दुप्पट होतो, हे भट्टी चालवणाऱ्याने जाणून असावे.

औषधांच्या बाबतीत मात्र सावध राहा. टीजीएचे आकडे साधारण १७७ अंशांचे आणि भाकीत २५ अंशांच्या कपाटाचे, अशी झेप घेऊ नये. सक्रियण ऊर्जेत फक्त १० किलोज्यूलची चूक असली तरी एवढ्या अंतरावर वेगात जवळपास चौपट फरक पडतो. वर घडणारी अभिक्रिया खाली तीच असते याचीही खात्री नसते. म्हणूनच औषधांची प्रवेगक चाचणी ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला सहा महिने चालवतात.

कोणती संयुगे यंत्रात घालू नयेत?

परक्लोरेट, अझाइड, सिल्व्हर ऑक्झलेट, आणि सेंद्रिय भाग व नायट्रेट एकाच रेणूत असलेली संकुले. ही हळू विघटन होता होता एकदम स्फोट करू शकतात. परक्लोरेट आयनाची संकुले आपल्याकडे सर्रास बनवतात. त्यांची गतिकी करायचीच असेल तर गाइडशी आणि यंत्र सांभाळणाऱ्याशी आधी बोला, अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर जाऊ नका आणि झाकण घट्ट बसवू नका. क्लोरीन, गंधक किंवा पारा सोडणारी संयुगे तराजूचेही नुकसान करतात. त्यांची माहिती सॅम्पलच्या चिठ्ठीवर ठळक लिहा. बाहेरच्या प्रयोगशाळेत पैसे भरून सॅम्पल देत असाल तर ही जबाबदारी तुमचीच.

प्रबंधात काय काय लिहायचे?

इतके, की दुसऱ्या गावातला कोणी तोच प्रयोग पुन्हा करू शकेल. सॅम्पलचे वजन, कणांचा आकार, क्रूसिबल कशाचे आणि उघडे की झाकलेले, वायू कोणता आणि त्याचा प्रवाह मिनिटाला किती मिलिलिटर, तापवण्याचे सगळे वेग, कॅलिब्रेशन कशाने केले, रिकामा प्रयोग वजा केला की नाही. सक्रियण ऊर्जा अल्फाबरोबर आलेखात द्या, आवृत्ती गुणक आणि मॉडेल तिच्या शेजारी, प्रत्येक आकड्याला अनिश्चितता. मूळ वक्रांच्या फाइली प्रबंधासोबत जपून ठेवा. परीक्षकाने एखाद्या वेगाचा वक्र मागितला तर तो लगेच काढून दाखवता आला पाहिजे.